मंदाचं निदान

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून माणसं रोज मला असं काही सांगतात, जे त्यांनी आईबापाला, नवऱ्याला, बायकोला कधी सांगितलेलं नसतं. मी मान डोलावतो, पाण्याचा ग्लास पुढे सरकवतो, "घाई नाही, सावकाश सांगा" म्हणतो. कित्येक वर्षं हेच करतोय. आणि माझं स्वतःचं जे आहे — ते मात्र कुणाच्याच खुर्चीसमोर बसून बोललेलो नाही. बायकोला माहीत नाही. दर रविवारी सकाळी ज्या मित्राबरोबर फिरायला जातो, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण सांगताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही. माझा धीर एवढाच आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ. क्रांती चौकातून आत वळलं की माझा दवाखाना. गावाकडची माणसं "डोक्याचा डॉक्टर कुठं बसतो?" असं मोठ्यानं विचारत येतात आणि शहरातली माणसं शेजारच्या दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं दाखवत हळूच आत शिरतात. बरं चालतं. नाव आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही — माझ्या शब्दाला वजन नसतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

आधी थोडं धंद्यातलं सांगू द्या. विषय टाळतोय असं वाटेल. वाटू द्या, थोडा टाळतोयच. पण ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

ताप आला तर मोजता येतो. उदासी आली तर तिलाही सुरुवात असते, बायको येऊन सांगते, "दिवाळीपर्यंत चांगले होते हो, मग असे झाले." पण काही माणसांच्या दुखण्याला अशी सुरुवात नसते. त्यांची विचार करण्याची, माणसं जोडण्याची आणि तोडण्याची जी ठेवण असते, तीच त्यांना आणि जवळच्यांना छळत राहते. याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. आम्ही शिकलो तेव्हा त्याचे दहा प्रकार, तीन गटांत लावलेले. पहिला गट संशयी, एकलकोंड्या, जगावेगळ्या माणसांचा. दुसरा भडकणाऱ्यांचा, क्षणात डोक्यावर घेणाऱ्या आणि क्षणात पायदळी तुडवणाऱ्यांचा. तिसरा भित्र्यांचा आणि सतत धास्तावलेल्यांचा. प्रत्येक प्रकाराखाली लक्षणं. दुसऱ्या गटातल्या एका प्रकारात नऊ लक्षणं आहेत, त्यातली पाच जुळली की नाव देता येतं. हॉस्टेलवर आम्ही ही नावं प्रसादासारखी वाटायचो. मेसवाला या गटातला, वॉर्डन त्या गटातला. आणि एखादी रुग्ण फार बोलली, फार रडली, उलटून विचारू लागली, की वॉर्डातून बाहेर पडताना आम्ही एकमेकांना डोळा मारायचो — दुसरा गट! म्हणजे पुढे ऐकायची गरज नाही. आमच्या धंद्यातली ही शिवी आहे. शिवीसारखी दिसत नाही, एवढाच फरक.

आता नवी पद्धत आली आहे. ती आधी प्रकार विचारत नाही. आधी विचारते, की या माणसाचं स्वतःशी आणि दुसऱ्याशी जमण्यात बिघाड किती खोल आहे — सौम्य, मध्यम, की तीव्र? मग स्वभावाचे कोणते कंगोरे टोचतात, ते बघते. जास्त शहाणी पद्धत आहे. पण जुनी काय, नवी काय, काही पथ्यं दोन्हीकडे सारखीच. ती ठेवण वर्षानुवर्षं टिकलेली हवी. ती सगळीकडे दिसायला हवी. घरात, कामावर, मैत्रीत. एका भांडणावरून हे निदान करायचं नाही. माणूस दुःखात बुडालेला असताना करायचं नाही. एकाच बाजूचं ऐकून तर नाहीच. आणि एक पथ्य शिकवावंही लागत नाही — रक्ताच्या माणसाचं आपण करायचं नाही.

मंदा माझी धाकटी बहीण.

आमचं गाव वेरूळच्या वाटेवर. शेत रस्त्याला लागून. थोरला भाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, तो शेत बघतो. मधला मी, शिकून शहरात आलो. मंदा लग्न करून चिकलठाण्याला गेली. नवरा, रावसाहेब, तिथल्या एका कारखान्यात. ती अंगणवाडीत सेविका. वडील गेले आणि वर्षश्राद्धाला आम्ही सगळे गावी जमलो. श्राद्ध आटोपलं, जेवणं झाली, आणि आण्णानं विषय काढला — हक्कसोडीचा.

आमच्याकडे रीतच आहे. कायद्यानं बहिणीचा वाटा असतो. पण तो घ्यायचा नसतो. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडीचोळी करायची, आणि दोघांनी "आमच्यात कसलं आलंय वाटेघाटे" म्हणून हसायचं. जी हसत नाही तिचं माहेर तुटतं. मंदा हसली नाही.

ती म्हणाली, "मला इकायची नाय जमीन. पैसा बी नको. सातबाऱ्यावर माझं नाव राहू द्या, एवढंच म्हणणं हाय. बाबांची लेक व्हते मी, पाव्हणी नव्हते."

आण्णा जमिनीकडे बघत बसला. मामा — आमच्या घरचा शेवटचा शब्द मामांचा असायचा — मामा म्हणाले, "बापाच्या श्राद्धाला लेक वाटा मागती. हेच बघायचं राह्यलं व्हतं." तेव्हा मंदा माझ्याकडे वळली. "दादा, तुझा दवाखाना हाय, फ्लॅट हाय. आण्णाचं मी समजू शकते. तू कशापायी माझं नाव काढाया निघाला रं?"

हा प्रश्न मला लागला. का लागला? बरोबर होता म्हणून. रस्त्याकडेचा तुकडा माझ्या वाट्याला यायचा होता. तिथे मला मनोरुग्णांसाठी पुनर्वसन केंद्र काढायचं होतं, आराखडाही काढून घेतला होता. प्रत्येक कागदावर बहिणीची सही लागली असती, आणि मला कुणाच्या मिनतवाऱ्या करायच्या नव्हत्या. लोकांची सेवा करायला निघालो होतो मी! आणि सेवेच्या वाटेत माझी सख्खी बहीण उभी होती. हसू नका — त्या दिवशी मला हे अगदी असंच वाटत होतं.

मामा पुन्हा काहीतरी बोलले, तिच्या सासरवरून. आणि मंदानं हातातला तांब्या फरशीवर आपटला. पाणी सगळीकडे. ती रडत, कपाळ बडवत म्हणाली, "मी मेले तरच सुटाल तुम्ही समदे." आमच्या घरात हे वाक्य नवीन नव्हतं. आई आठवड्यातून एकदा म्हणायची. आजी तर देवाला फुलं वाहताना म्हणायची. मराठवाड्यात रागावलेली बाई यापेक्षा वेगळं काय म्हणते?

मग मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, आता तूच सांग. हिला झालंय काय?"

इथे थांबता आलं असतं. "तिला राग आलाय, मामा" — एवढंच तर उत्तर होतं. खरं होतं, सोपं होतं. मी ते दिलं नाही.

मी दवाखान्यातला आवाज काढला. तुम्ही तो ऐकला नसेल. हळू, मऊ, समोरच्याच्या बऱ्यासाठी बोलतोय असा. म्हणालो, "मामा, तिच्यावर चिडू नका. हा स्वभाव नाही, हा आजार आहे. व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. तिच्या हातात नाही ते." आणि मग मी लक्षणं सांगितली. राग अनावर होतो. मरणाची भाषा येते. जवळचीच माणसं वैरी वाटतात. अशी माणसं एकदम टोकाला जातात. सांगता सांगता मी तिच्या त्या एका दुपारचे तुकडे करत होतो आणि एकेका लक्षणाखाली ठेवत होतो.

पण आजार म्हटला की जुना हवा ना? तरुणपणापासूनचा? मी तेही विचारलं. "लहानपणी पण अशीच करायची, आठवतं का?" — आणि काय सांगू तुम्हाला, सगळं घर कामाला लागलं. आण्णाला आठवलं, ती पोळ्याला रुसून मळ्यात जाऊन बसली होती. मामांना आठवलं, लग्नात सासरच्यांसमोर तिनं तोंड फुगवलं होतं. आई म्हणाली, "व्हय रं बाबा, दहावीनंतर लई दिवस धड जेवली नव्हती ती. कुणाशी बोलायची बी नाय." सगळ्यांचे चेहरे उजळले होते. भांडखोर लेक असणं ही घराची लाज असते. आजारी लेक असली की कुणाचीच चूक उरत नाही. मी त्यांना केवढं मोठं दान दिलं होतं!

ती दहावीनंतर का जेवली नव्हती, हे मला माहीत होतं. त्या घरात फक्त मलाच नीट माहीत होतं. मला अकरावीला शहरात ठेवलं होतं. दोन वर्षांनी तिची वेळ आली तेव्हा पैसे नाहीत म्हणून तिची शाळा थांबवली. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. मी त्या उन्हाळ्यात घरीच होतो, तिच्या ताटातलं झाकून ठेवलेलं अन्न मीच गाईला घातलं होतं. आईनं सांगितलं तेव्हा मी मान डोलावली — बघा, म्हणालो, तेव्हापासूनच.

अंगणवाडीचं मी कुणाला विचारलंच नाही. तिथे कित्येक वर्षं ती पोरं सांभाळत होती, वस्तीतल्या बाया डोळे मिटून तिच्याकडे लेकरं सोडून कारखान्यात जायच्या. तिच्या मैत्रिणी लग्नाआधीच्या, अजून त्याच. नवऱ्याशी भांडण व्हायचं तेवढं कुणाच्याही घरी होतं. विकार असेल तर तो माणसाबरोबर सगळीकडे जातो. हिचा राग एकाच उंबऱ्याच्या आत यायचा, एकाच गोष्टीसाठी. हे मला कळत नव्हतं का? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळलं असतं.

एवढ्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ती रडायची थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या घरात तिचा सगळ्यात जास्त विश्वास माझ्यावर होता. तिला शिकता आलं नाही. पण आपला दादा शिकला, आणि तो खोटं बोलणार नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. तिनं विचारलं, "खरंच का रं, दादा?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर सगळे तिच्याशी फार चांगलं वागू लागले, आणि हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. कुणी तिच्यावर ओरडेना. ती काही म्हणाली, की "मनावर घेऊ नका, तिला आजार हाय" असं एकमेकांना डोळ्यांनी सांगायचे. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाली, तरी आजार. आण्णाच्या पोरानं उद्धट उत्तर दिलं म्हणाली, तरी आजार. रावसाहेब भला माणूस, त्यानं फोन करून विचारलं, "दादा, घरात काय पथ्य पाळायचं?" मी त्याला पथ्यं सांगितली. तिच्याशी वाद घालू नका, म्हणालो. म्हणजे तिचं काही ऐकूच नका.

आणि हे झालं ते अर्धंच. मी इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते पुढे आहे.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी बेल वाजवली, पुढचा रुग्ण आत आला — मंदा. बाहेर नंबर लावून बसली होती. कंपाउंडरला बहीण आहे म्हणून सांगितलं नव्हतं. सासरचं आडनाव सांगितलं होतं, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. साडी इस्त्रीची, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. रुग्णाच्या खुर्चीत बसली. मी म्हणालो, "अगं, घरी यायचं ना." ती म्हणाली, "घरी भाऊ असतो. मला डॉक्टर पाहिजे व्हता." मग खालच्या मानेनं विचारलं, "बरा व्हतो का रं हा आजार? पोरगी हाय माझी. पाचवीत हाय. तिला माझ्यामुळं काय व्हायला नको."

तिनं ते खरं मानलं होतं. रात्र रात्र जागून स्वतःचं सगळं आयुष्य तपासलं होतं. कुठल्या दिवशी आपण आजारानं रडलो, कुठल्या दिवशी आजारानं बोललो. दहावीनंतरचा तो उन्हाळासुद्धा तिनं आजारात टाकून दिला होता. "मला वाटायचं, शाळा सुटली म्हणून मी तशी केली," ती म्हणाली. "पण तू म्हणला तवापासूनच हाय, तर असंल."

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार बंद. मामा नव्हते, आण्णा नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं — मंदे, तुला काही झालेलं नाही, मी खोटं बोललो. माझं काय गेलं असतं? जमीन गेली असती. आणि तिच्या नजरेतला मी गेलो असतो. कशाची भीती जास्त होती, हे मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणालो, "बरा होतो. वेळ लागतो." आणि गोळी लिहून दिली.

व्यक्तिमत्त्वाच्या विकारावर अशी गोळी नसते. असला तर इलाज बोलण्याचा असतो, महिनोन्‌महिन्यांचा. गोळ्या देतात त्या सोबतच्या त्रासासाठी. तिला ना विकार होता, ना सोबतचा त्रास. मी तिला जे दिलं ते हलकंच होतं. माणूस जरा सुस्तावतो, जरा कमी बोलतो. मला हवं होतं तेवढं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं हक्कसोडीवर सही केली. रजिस्ट्रीच्या ऑफिसात बाकावर बसून ती आण्णाला म्हणाली, "माझ्या आजारापायी लई त्रास दिला तुम्हाला." आण्णाचे डोळे भरून आले. मी बाहेर जाऊन चहा घेतला. तिला पैठणी घेतली, भारीतली. ती हसली. माहेर राहिलं.

पुनर्वसन केंद्र झालं नाही. त्या जागी आज लग्नाचं लॉन्स आहे, भाड्यानं दिलंय. डीजे एवढ्या जोरात वाजतो की आण्णाची म्हैस दूध चोरते, अशी त्याची तक्रार असते. सेवेचं काय झालं, असं मला कुणी विचारत नाही. विचारणारी एकच होती.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो.

मंदा प्राजक्ताला घेऊन आली. तीच पोरगी, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा तोंडावर असताना रावसाहेबांनी तिला बघायला पाहुणे बोलावले होते. पाहुण्यांसमोर पोरगी ओरडली, "मला इचारलं का कुणी?" आणि पोह्यांच्या बश्यांचा ट्रे तिथेच टाकून खोलीत जाऊन बसली. मंदा घाबरून गेली होती. म्हणाली, "दादा, हिला बी माझंच लागलंय. तूच बघ. लवकर धरलं तर बरं व्हतं ना?"

मी प्राजक्ताशी एकटीशी बोललो. सगळं विचारलं. मैत्रिणी, अभ्यास, झोप, राग कधी येतो, कुणाचा येतो, गेल्यावर काय वाटतं. तिच्या परवानगीनं तिच्या कॉलेजातल्या बाईंशीही फोनवर बोललो. आमच्या घरातल्या एखाद्या बाईचं मी पहिल्यांदाच नीट ऐकलं. पोरगी ठणठणीत होती. मी तिला बाहेर बसवलं, मंदाला आत घेतलं आणि म्हणालो, "प्राजूला काही आजार नाही. तिला राग आला, कारण तिला न विचारता ठरवलं. तिचा राग बरोबर आहे. रावसाहेबांना मी सांगतो."

मंदानं हात जोडले, वर बघितलं, डोळे पुसले. मग हात तसेच मांडीवर राहिले. टेबलाच्या कडेकडे बघत ती हळूच म्हणाली, "दादा... मग मी बी तवा एवढंच केलं व्हतं का रं?"

मी म्हणालो, "तुझं वेगळं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "माझं येगळंच." तिनं पर्स उघडून बंद केली, उठली, दारापाशी जाऊन पुन्हा वळली. "गोळ्या संपत आल्यात. आलेच हाय तर लिहून दे."

मी पॅड ओढलं आणि लिहून दिल्या.